तंबोऱ्यातला गंधार, तबल्याची शाई आणि निवृत्तीनंतरचे उद्योग

कंपनकाका
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझी सगळी नोकरी धातूंची कंपनं मोजण्यात गेली. म्हणजे यंत्राचा एखादा भाग का थरथरतो, थरथरून थरथरून कधी तडकेल, असलं काम. तिथे आवाज म्हणजे आजाराचं लक्षण, आवाज आला की बंद करा. आता रिटायर होऊन कोथरूडात घरी असतो आणि बायकोचा मिरजेचा तंबोरा माळ्यावरून खाली आल्यापासून उलटं चाललंय, आवाज आला की अजून वाजवा.

विषय असा की तंबोऱ्याच्या चार तारा आपण प सा सा सा अशा लावतो. गंधार कुठेच लावलेला नसतो, तरी चांगला मिळालेला तंबोरा छेडला की गंधार ऐकू येतो, गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा भास नाही, कानाची चूकही नाही, तो गंधार खरोखर हवेत असतो. ताण दिलेली तार एकाच वेळी अख्खी हलते, दोन भागांत हलते, तीन, चार, पाच भागांत हलते, आणि पाच भागांत हलते तेव्हा जो सूर निघतो तो खर्जाच्या (म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या) पाचपट कंपनांचा, म्हणजे बरोब्बर शुद्ध गंधार, दोन सप्तकं वरचा. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९.३ हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं), त्याचा गंधार ३४६.५.

घरी तंबोरा असेल तर करून बघा. खर्जाच्या तारेची घोडीपासून (भोपळ्यावर तारा जिच्यावर टेकतात ती) वरच्या पट्टीपर्यंतची लांबी टेपने मोजा, पाचने भागा, तेवढ्या अंतरावर तारेला बोट फक्त टेकवा (दाबायचं नाही), दुसऱ्या हाताने छेडा आणि बोट लगेच उचला. स्वच्छ गंधार वाजेल. तो दोनचार वेळा कानात बसवला की मग तार मोकळी छेडली तरी आतून तोच ऐकू येतो, आणि एकदा ऐकू आला की परत न ऐकू येणं अवघड आहे.

खरी गंमत पुढे आहे. तार जिथे छेडतो त्या जागी हलण्याच्या ज्या प्रकाराचा (दोन भागांत, पाच भागांत वगैरे) स्थिर, न हलणारा बिंदू असतो तो प्रकार वाजायलाच नको, हा पुस्तकातला जुना नियम. म्हणजे बरोबर पाचव्या हिश्श्यावर छेडलं की गंधार गायब व्हायला हवा. जवारीचा दोरा (तार आणि घोडी यांच्यामध्ये घालतात तो, त्यानेच तंबोऱ्याचा झंकार म्हणजे जवारी येते) काढून टाका आणि छेडा, गंधार बराच विरतो. दोरा परत घाला, झंकार येईपर्यंत सरकवा आणि तिथेच छेडा, गंधार परत हजर! ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलीय, वीणेच्या आणि तंबोऱ्याच्या घोडीबद्दल. घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित गोलाई असते, आणि तार हलताना त्या गोलाईला चाटत हलते, त्यामुळे ती टेकते ती जागा सारखी पुढेमागे होत राहते. त्यातून खालच्या सुरांची ताकद वरच्या सुरांना मिळत जाते. दोऱ्याची जागा केसभर सरकवली की सगळा रंग बदलतो तो यामुळेच.

तुमच्यापैकी कोणी असले उद्योग करत असेल तर लिहा.

शुभदा_र
काका, काय सुंदर लिहिलंय!! मी गाणं शिकते, आमच्या बाईंचा नियमच होता की आधी तंबोरा लावायचा आणि गंधार ऐकू येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिले काही महिने मी ऐकू न येताच "हो येतोय" म्हणायचे, त्यांना ते कळायचं पण. बोट टेकवून ऐकायची युक्ती तेव्हा कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

एक शंका, रियाजाला मी मोबाईलवरचा तंबोरा लावते. त्यातही गंधार येतो का? मला येतो असं वाटतं पण खात्री नाही.

मध्यलय
वाचनखूण साठवली आहे. असे धागे यायला हवेत, नाहीतर हल्ली इथे नुसत्या जिलब्या पडतात.

पेठकर
लेख चांगला आहे, पण एक विचारू का? या सगळ्या चिरफाडीने गाण्यातला आनंद वाढतो की कमी होतो? माझ्या आजोबांना हर्ट्झ काय ते माहीत नव्हतं, तंबोरा मात्र असा मिळवायचे की वाड्यातली माणसं हातातलं काम थांबवायची. मी स्वतः पेटी वाजवतो, गेली तीस एक वर्षं भजनाला आणि नाट्यगीतांना साथ करतोय, मला कधी ६९.३ ची गरज पडली नाही. (हलके घ्या.)

कंपनकाका
@शुभदा, येतो, आणि त्यात आणखी एक मजा आहे. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ६९ हर्ट्झचा खर्ज बाहेर पडूच शकत नाही, त्याची तेवढी ऐपतच नाही, खालचं सगळं गाळूनच तो वाजतो. तरी तुम्हाला खर्ज ऐकू येतो की नाही? येतो, कारण दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे वरचे सूर ठराविक अंतरावर आले की मेंदू खालचा गाळलेला सूर स्वतःच भरून घेतो. म्हणजे मोबाईलवर गंधार खरा असतो आणि खर्ज तुमच्या डोक्यातला. मला स्वतःला हे फार आवडतं.

@पेठकर, हलकेच घेतलंय. आजोबांना आकडा नको होता हे अगदी खरं, कान तयार असलेल्याला तो लागत नाही. माझा कान तयार नव्हता, मी सगळं आयुष्य मोटारींचे आवाज ऐकलेला माणूस, मला आकड्यानेच दार उघडून दिलं. आकडा कळल्यावर मी गाणं ऐकायचं सोडलं नाही, उलट गंधार शोधत जास्त ऐकायला लागलो.

आणि पेटीवाले आहात तर तुमच्यासाठी खास प्रयोग. तंबोरा काळी एकला लावा, पेटी ४४० ला लावलेली असेल तर तिची पांढरी चार (म्हणजे काळी एकचा गंधार) दाबून धरा आणि खर्ज छेडा. तंबोऱ्याचा गंधार ३४६.५ आणि पेटीचा ३४९.२. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला पावणेतीन हेलकावे ऐकू यायला पाहिजेत, वँव वँव वँव असे. पेटीचं सप्तक बारा सारख्या हिश्श्यांत कापलेलं असतं, त्यात पंचम जवळजवळ खरा राहतो पण गंधार चढा होतो. ऑल इंडिया रेडिओवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला मज्जाव होता, त्याच्या वादात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही ही तक्रार होती तशी हीसुद्धा होतीच.

पेठकर
रेडिओने काय केलं ते सांगू नका, त्या जखमा आमच्या घराण्यात अजून ओल्या आहेत :)

गट्टेवाला
काका तबल्यावर पण लिहा ना. मी तबला वाजवतो, शाई (मधला काळा गोल) का लावतात विचारलं की सगळे "आवाज चांगला येतो म्हणून" एवढंच सांगतात. आवाज चांगला येतो हे मलापण कळतं हो.

कंपनकाका
तबल्याबद्दल लिहायला बसलो तर रात्र होईल, तरी लिहितो.

तारेचे वरचे सूर दुप्पट तिप्पट असे नेटके येतात. ताणलेल्या गोल कातड्याचे तसे येत नाहीत. साध्या एकसारख्या कातड्यावर थाप मारली तर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट, २.६५ पट, २.९२ पट असले वेडेवाकडे सूर निघतात, त्यांचा एकमेकांशी काही मेळ नाही, म्हणून बहुतेक ढोलांना सूर असा लागत नाही, नुसता धप्प आवाज येतो. तबल्यात आणि मृदंगात हे गणित बदललं ते शाईने. मध्यभागी वजन आलं की मधला भाग सुस्तावतो आणि ते वेडेवाकडे सूर सरकत सरकत १, २, ३, ४, ५ च्या जवळ येऊन बसतात. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये याबद्दल छापलं, आणि १९३४ मध्ये रामन यांनी पुडीवर (तबल्याच्या कातड्यावर) बारीक वाळू टाकून ती कुठे गोळा होते ते बघून सगळे प्रकार मांडून दाखवले. पुडी हलण्याचे नऊ प्रकार मिळून फक्त पाच सूर तयार होतात. पहिला एकटा, दुसरा एकटा, तिसऱ्यावर दोन प्रकार, चौथ्यावर दोन, पाचव्यावर तीन. नऊ वेगवेगळ्या हालचाली पाच सुरांवर आणून बसवायच्या हे कागदावर करायला घेतलं तरी घाम फुटेल, आणि आपल्याकडच्या कारागिरांनी ते लोखंडाचा कीस, खळ आणि घोटायचा दगड एवढ्यावर केलंय!

शाई जवळून बघितली आहे का कधी? भिंगातून बघा. एकावर एक पातळ थर दिलेले असतात, प्रत्येक थर वाळत आला की दगडाने घोटतात, घोटताना त्यात बारीक बारीक चिरा पडतात आणि त्या पडायलाच हव्या असतात. चिरा नसत्या तर शाई म्हणजे मध्ये बसवलेली घट्ट चकती झाली असती आणि कातडं तिथे वाकलंच नसतं. चिरांमुळे वजन राहतं पण कडकपणा येत नाही. थर मध्यावर जास्त आणि कडेला कमी. हे सगळं बघितलं की मला तरी इंजिनिअर म्हणवून घ्यायची लाज वाटते.

आता तुम्ही 'ना' वाजवता तेव्हा अनामिका शाईच्या कडेला हलकीशी टेकलेली असते. ती नुसती शोभेला नाही. सगळी पुडी एकदम वरखाली होते तो पहिला प्रकार त्या बोटाने दाबला जातो आणि बोटाच्या रेषेत न हलणारी रेघ तयार होते. अनामिका उचलून वाजवून बघा, 'ना' राहत नाही. तारेवरच्या प्रयोगात मी टेप लावून बोट ठेवलं होतं, तुम्ही तेच काम न मोजता करताय.

डग्ग्यावर शाई मध्यभागी नसते, एका बाजूला असते, तिथे मनगट ठेवून ताण कमीजास्त करायला जागा मिळते आणि घुमारा येतो. पखवाजाला तर डाव्या तोंडाला कणीक थापतात, वाजवायच्या आधी ओली आणि वाजवून झालं की खरवडून काढतात, तत्त्व तेच, वजन वाढवा आणि सूर खाली आणा.

गट्टेवाला
__/\__ अनामिका उचलून बघितली. डब्यावर वाजवल्यासारखं झालं.
पावसाळ्यात माझा तबला अर्धा सूर उतरतो, गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडी मारून मारून हात दुखतो, त्याचं पण हेच का?

कंपनकाका
कातडं दमट हवा पितं आणि सैल पडतं. ताण कमी म्हणून सूर खाली. गजऱ्यावर थोडंच निघतं, जास्त उतरला असेल तर गट्ट्यांकडे (वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांकडे) जा. जपून, ऑगस्टमध्ये चढवून ठेवलेली पुडी ऑक्टोबरच्या उन्हात फाटते.

रमणबागेचा_बाजीराव
मी पथकात ढोल वाजवतो, सध्या नदीपात्रात प्रॅक्टिस चालू झालीय. काका म्हणाले ढोलाला सूर नसतो हे ऐकून आमच्या पोरांना वाईट वाटेल पण खरंय. माझा प्रश्न असा की पथकात ढोल वीसपट आणि ताशे दोनचार असूनही ताशा लांबून सगळ्यात आधी ऐकू येतो हे कसं काय, आमचा आवाज जातो कुठे

कंपनकाका
तुमचा आवाज कुठेही जात नाही, तो खिडक्यांच्या काचा हलवतो. कान सगळ्या सुरांना सारखा दाद देत नाही. दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो सगळ्यात तिखट असतो आणि ताशाची कडकड तिथवर पोचते, ढोलाची ताकद खाली असते जिथे कान मंद. म्हणून ढोल छातीला कळतो आणि ताशा कानाला.

आणि काका म्हणताय म्हणून काकाचं एक ऐका, ताशेवाल्यांच्या शेजारी उभे राहता तर कानात बोळे घाला. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. हिशोब करा, शंभरला पंधरा मिनिटं. पथक शंभरच्या वर असतं. कान गेला की परत येत नाही.

रमणबागेचा_बाजीराव
पंधरा मिनिटं?? आमची प्रॅक्टिस अडीच तास असते. बोळे आणतो.

सोनचाफा
थोडं अवांतर. आम्ही मागच्या रविवारी नसरापूरच्या बनेश्वराला गेलो होतो, तिथे जुनी पोर्तुगीज घंटा आहे, १६८३ साल आणि क्रॉस कोरलेला आहे. भीमाशंकरलापण अशीच आहे १७२९ ची. वाजवल्यावर मला त्यात कोमल गंधार ऐकू आला आणि नवरा म्हणतो काहीतरीच तुझं, घंटेला कुठला आलाय गंधार. आवाज विरताना लाटा लाटा पण येत होत्या.

कंपनकाका
अवांतर कसलं, हाच तर विषय आहे! नवऱ्याला सांगा की युरोपातल्या चर्चच्या घंटेची ती ओळखच आहे. त्या घाटाच्या घंटेत मुख्य सुराच्या वर कोमल गंधार ठळक येतो, तिची जाडी कडेला कशी आणि कमरेला कशी ठेवलीय त्यावरून ते ठरतं, आणि ओतणारे ते जाणूनबुजून साधायचे. म्हणून चर्चच्या घंटा ऐकताना थोडं उदास वाटतं, आपल्याकडे वसईहून आलेल्या या घंटा शंकरापुढे वाजतात तरी सूर तोच.

लाटांचं कारण वेगळं. घंटा अगदी शंभर टक्के गोल कधीच ओतली जात नाही. कुठे कणभर जाड, कुठे पातळ, त्यामुळे एकाच सुराच्या दोन आवृत्त्या निघतात, अगदी जवळजवळच्या, आणि त्या दोघी मिळून ती लाट येते. वर पेठकरांच्या पेटीला जे सांगितलं तेच.

पुढच्या वेळी जाल तर फायफॉक्स नावाचं फुकट ॲप घेऊन जा, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलंय, त्यात आवाजाचे सगळे सूर वेगवेगळे उंच रेघांसारखे दिसतात. फोन घंटेच्या अगदी तोंडाशी धरू नका, माइक गुदमरतो.

मध्यलय
काका, श्रुतींबद्दल (सप्तकातल्या बारीक बारीक स्वरांबद्दल) पण लिहा की. बावीस श्रुती वगैरे.

कंपनकाका
श्रुतींवर वेगळा धागा काढीन, इथे काढला तर मारामाऱ्या होतील. एवढंच सांगतो की निवृत्त माणसाने असले उद्योग करायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे रिटायर झालेले डेप्युटी कलेक्टर, त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींची मोजणी इंग्रजीत छापली. ऐकवायला कोण होते, तर अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब गाणार आणि देवल मोजणार! पुढे क्लेमंट्स नावाचे एक आयसीएस साहेब त्यात पडले आणि श्रुतींची पेटीसुद्धा करून घेतली. त्यांचे आकडे सगळ्यांना पटले नाहीत, अजूनही पटत नाहीत, पण खाँसाहेबांसारखा माणूस गळा मोजून घ्यायला बसला हे मला फार मोठं वाटतं.

शुभदा_र
काका, आज बाईंकडे जाऊन त्यांच्या तंबोऱ्यावर सगळं केलं. दोरा काढायला त्या तयार नव्हत्या (साहजिक आहे), पण नंतर स्वतःच म्हणाल्या काढ बघू. दोऱ्याशिवाय पाचव्या हिश्श्यावर छेडलं तर गंधार जवळजवळ गायब, आणि दोरा घालून तिथेच छेडल्यावर गंधार आला. बाई म्हणाल्या हे मला माहीत होतं पण असं दिसलं नव्हतं. मग आम्ही सातव्या हिश्श्यावरपण बोट ठेवून बघितलं, तिथे कोमल निषादासारखं काहीतरी येतं पण बरंच उतरलेलं, गाताना लावला तर बाई रागावतील असा.

कंपनकाका
वा!! बाईंना माझा नमस्कार. सातव्या हिश्श्याचा सूर तसाच असतो, नेहमीच्या कोमल निषादाहून खाली, तो कुठल्याच रागाच्या हिशोबात नीट बसत नाही. कान त्याला तंबोऱ्यात खपवून घेतो, गळ्यात नाही.

पेठकर
केला प्रयोग, गप्प बसवेना म्हणून. आमचा तंबोरा काळी चारला असतो, तुमचे आकडे काळी एकचे. तिथे किती यायला हवेत?

कंपनकाका
काळी चारचा खर्ज १०३.८, त्याच्या पाचपट ५१९.१. पेटीची त्यापुढची पांढरी एक ५२३.३. म्हणजे सेकंदाला चार आणि वर थोडं. भाता एकसारखा ठेवा, जोर बदलला की स्वरपट्टीचा सूरही किंचित हलतो.

पेठकर
चारच येतात. तरी माझं म्हणणं कायम आहे, मैफलीत कोण मोजत बसलंय. मात्र आता साथ करताना गंधारावर मी बोट जास्त वेळ ठेवत नाही हेही खरं.

वेळूवन
उशिरा आलो धाग्यावर. मी बासरी शिकतोय, डिसेंबरात उघड्यावर कार्यक्रम असला की तंबोऱ्याशी माझं कधीच जुळत नाही, सर म्हणतात फुंक नीट मार. फुंकेचाच दोष आहे का?

कंपनकाका
थोडा फुंकेचा असेल, बाकी हवेचा. बासरीचा सूर आतल्या हवेत ध्वनी किती वेगाने धावतो त्यावर असतो. तीस अंशांना तो सेकंदाला ३४९ मीटर, बारा अंशांना ३३८. दुपारी घरी जुळवलेली बासरी रात्री मैदानात नुसती हवेमुळे जवळजवळ अर्ध्या स्वराचा अर्धा भाग खाली येऊ शकते, तुमच्या गरम श्वासाने त्यातलं बरंचसं भरून निघतं पण सगळं नाही. आणि तंबोऱ्याची तार थंडीत आखडते, ताण वाढतो, सूर वर जातो. म्हणजे दोघं उलट्या दिशेला चालले आहेत, तुम्ही मध्ये सापडलाय. स्टेजवर जायच्या आधी बासरी बगलेत धरून, फुंकून चांगली गरम करून घ्या आणि मग तंबोरा तिच्याशी मिळवायला सांगा, आधी तंबोरा लावून नंतर बासरी काढू नका.